निम्मी फी माफ झाली, उरलेल्या निम्म्याचे काय?

२०२४ साली माझ्या थोरल्या मुलाने बारावीनंतर अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी अर्ज केला आणि त्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात फीचा विषय निघाला नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो. पत्नी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवून देते. सोलापुरात गणवेश तयार करण्याचा धंदा मोठा असल्यामुळे मार्च ते जून तिला मान वर करायला फुरसत नसते आणि नेमक्या त्याच महिन्यांत परीक्षा, निकाल, दाखले आणि पर्याय अर्ज, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम देण्याचा अर्ज, यांची घाई असते. माझा वर्षाचा पगार चार लाख पंधरा हजार आणि तिच्या शिलाईचे साधारण सत्तर हजार असे धरले, तर आमचे उत्पन्न चार लाख पंच्याऐंशी हजारांच्या घरात जाते. आम्ही खुल्या प्रवर्गातले. एवढ्या उत्पन्नाच्या कुटुंबाची शिष्यवृत्तीच्या बाबतीत मोठी अडचण होते, कारण काही योजनांच्या आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत आपण सहज बसतो आणि इतर काहींच्या साडेचार लाखांच्या मर्यादेतून थोडक्यात बाहेर पडतो.

मुलाला सीईटीत ब्याण्णवच्या आसपास पर्सेंटाइल मिळाले. नातेवाइकांनी पेढे खाल्ले आणि जवळजवळ प्रत्येकाने सांगितले की एवढ्या गुणांवर फीची काळजी करण्याचे कारण नाही, कुठली ना कुठली शिष्यवृत्ती मिळेलच. शिष्यवृत्ती मिळाली, हे खरे आहे. ती किती मिळाली आणि ती वजा जाता किती भरावे लागले, याचा हिशेब मात्र त्यांच्यापैकी कोणीच केलेला नव्हता, आणि तोपर्यंत आम्हीही केलेला नव्हता.

आमची पहिली आशा टीएफडब्ल्यूएसवर, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागांवर होती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या या योजनेत प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांच्या पाच टक्के जागा जादा ठेवल्या जातात आणि त्यांवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची शिक्षण शुल्काची पूर्ण रक्कम माफ होते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असले की अर्ज करता येतो. ऐकायला हे फार चांगले वाटते, परंतु साठ जागांच्या वर्गात पाच टक्के म्हणजे तीनच जागा होतात आणि त्या तीन जागांसाठी सर्व प्रवर्गांतील पात्र मुले एकाच गुणवत्ता यादीत उभी असतात. त्यामुळे त्याच महाविद्यालयात त्याच शाखेची साधी जागा ज्या पर्सेंटाइलला मिळते, त्याहून बऱ्याच वरच्या पर्सेंटाइलला ही जागा बंद होते. मुलाने पर्याय अर्जात शासकीय महाविद्यालये आणि टीएफडब्ल्यूएसचे संकेतांक सर्वांत वर टाकले होते, त्याखाली साध्या जागा. फेरीमागून फेरी गेली आणि वरचे पर्याय तसेच राहिले. शेवटी त्याला सोलापुरातील एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेची साधी जागा मिळाली. एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचाच पर्याय मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही, म्हणून क्रम लावताना फीचा विचार त्याच वेळी करावा लागतो, नंतर नव्हे.

दरम्यान पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाचे पत्र आले होते. त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा मुलाने मित्रांबरोबर दिली होती. पत्र जाड कागदावर, रंगीत बोधचिन्हासह होते आणि त्यात त्याला संगणक शाखेत प्रवेश व ‘मेरिट स्कॉलरशिप’ म्हणून शिक्षण शुल्कात पंचवीस टक्के सवलत दिल्याचे कळवले होते. मुलाने ते पत्र मोबाईलवर फोटो काढून सगळ्यांना पाठवले. त्याला संगणक शाखाच हवी होती. पुण्याला राहायचे होते. आणि कोणीतरी आपल्याला पत्र लिहून बोलावते आहे, याचा त्या वयात होणारा आनंद मी समजू शकतो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी कारखान्यातल्या सवयीने कागद घेऊन बसलो. विद्यापीठाचे शिक्षण शुल्क वर्षाला तीन लाख साठ हजार. पंचवीस टक्के सवलत म्हणजे नव्वद हजार. राहिले दोन लाख सत्तर हजार. वसतिगृह आणि मेस मिळून दीड लाख. म्हणजे वर्षाला चार लाख वीस हजार आणि चार वर्षांचे सोळा लाख ऐंशी हजार, तेही फी वाढली नाही असे धरून. पत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की सवलत पुढच्या वर्षी चालू राहण्यासाठी ठरावीक सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांची सरासरी, टिकवावा लागेल. म्हणजे एखादे सत्र वाईट गेले, तर शेवटच्या वर्षापर्यंत मिळतील असे वाटणारे नव्वद हजार मधेच बंद होणार.

याच्या शेजारी मी सोलापूरच्या महाविद्यालयाचा हिशेब मांडला. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रत्येक महाविद्यालयाची मंजूर फी, शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती या फोडीसह, पाहायला मिळते. आमच्या बाबतीत शिक्षण शुल्क एक लाख पाच हजार आणि विकास शुल्क दहा हजार होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला आपल्याकडे सगळे ‘ईबीसी’ म्हणतात, ती आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना शिक्षण शुल्काच्या आणि परीक्षा शुल्काच्या निम्मी मिळते. निम्मी फी माफ, असे बोलताना आपण म्हणतो. प्रत्यक्षात माफ होते ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम. विकास शुल्क आणि इतर किरकोळ शुल्के पूर्ण भरावी लागतात. तेव्हा साडेबावन्न हजार शिक्षण शुल्काचे, दहा हजार विकास शुल्काचे आणि नोंदणी, परीक्षा, विमा वगैरे मिळून पाचेक हजार, असे वर्षाला साडेसदुसष्ट हजार आमच्या खिशातून जाणार होते. टीएफडब्ल्यूएस मिळाली असती तर हीच रक्कम पंधरा हजारांवर आली असती. ती जागा न मिळाल्याची हळहळ मला खरी त्या रात्री वाटली, कारण तोपर्यंत तिची किंमत रुपयांत मांडून पाहिलेली नव्हती.

खासगी विद्यापीठाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पत्रात कोठेच नव्हती आणि ती शासन निर्णय वाचल्यावरच कळते. ईबीसीची सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते आणि खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. म्हणजे पुण्याचे नव्वद हजार घेतले की सरकारचे साडेबावन्न हजार गेले. दोन्ही रकमा समोरासमोर ठेवल्या, तर विद्यापीठाची मदत दिसायला मोठी होती. भरावयाची रक्कम मात्र सोलापूरच्या सहापटीहून अधिक होती.

हे सगळे मुलाला सांगणे सोपे गेले नाही. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो नीट पाहिलासुद्धा नाही. “बाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत फक्त हिशेबच दिसतो,” एवढे बोलून तो गच्चीवर निघून गेला. पत्नी माझ्यावर चिडली नाही, पण तिने विचारले, “अहो, एकदा विद्यापीठाला विचारून तरी बघा ना, सवलत वाढवता येते का? दुकानात आपण भाव करतो, मग इथे विचारायला काय हरकत आहे?” तिचे म्हणणे मला पटले. मागण्यात कमीपणा वाटून गप्प बसणारी माणसे मी कारखान्यात पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांचे नुकसानच होते.

आम्ही विद्यापीठाला पत्र लिहिले. गहिवर घालणे टाळले. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि सोलापूरमध्ये मिळत असलेल्या प्रवेशाचा तपशील जोडून एवढेच लिहिले की मुलाची इच्छा आपल्याकडे येण्याची आहे, आमची वर्षाला देण्याची ताकद अमुक इतकी आहे, गुणवत्तेखेरीज आर्थिक स्थितीवर आधारित काही मदत आपल्याकडे आहे का, आणि नसल्यास वसतिगृहाच्या शुल्कात काही सूट मिळू शकेल का. काही दिवसांनी उत्तर आले. भाषा सभ्य होती. सवलत केवळ प्रवेश परीक्षेतील क्रमांकावर ठरते, ती वाढवण्याची तरतूद नाही, मात्र फी तीन हप्त्यांत भरता येईल, आणि जागा पक्की करण्यासाठी पन्नास हजार रुपये आठवड्याच्या आत भरावेत, असे त्यात होते. ते पन्नास हजार नंतर प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळतात, हे मी फोनवर विचारले, तेव्हा समोरच्या व्यक्तीने स्पष्ट उत्तर दिले नाही. त्यामुळे ते भरण्याचा प्रश्न माझ्यापुरता तेथेच मिटला. मुलापुरता मिटला नव्हता.

त्याच्या समाधानासाठी, आणि खरे सांगायचे तर माझ्याही, आम्ही दोघे मिळून बँकेत गेलो. मुलाला मुद्दाम बरोबर नेले, कारण कर्ज शेवटी त्याच्या नावावर चढणार होते. शाखेतील कर्ज अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावून सांगितले. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असेल तर तारण लागत नाही आणि स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज केंद्राच्या पतहमी योजनेखाली तारणाशिवाय देता येते. त्यावर गेले की घर, जमीन किंवा ठेव तारण ठेवावी लागते. जुळे सोलापुरातील आमच्या घरावर आधीच गृहकर्ज चालू आहे, त्यामुळे साडेसात लाखांच्या पुढची वाट बंदच होती. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत राहते. ते व्याज शिक्षणाच्या काळात केंद्र सरकार भरते, अशी जी योजना आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाखांची. आम्ही पस्तीस हजारांनी बाहेर.

अधिकाऱ्यांनी मुलालाच हिशेब करायला लावला, हे मला आवडले. दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता तेरा हजार दोनशेच्या आसपास येतो. सोळा लाख ऐंशी हजार, शिक्षणाच्या काळातील व्याज सोडूनसुद्धा, बावीस हजारांच्या पुढे. माझा पगार महिन्याला साडेचौतीस हजार पडतो, हे त्याला ठाऊक होते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते असे एक माहीतगार नातेवाईक सांगत होते, परंतु ज्याला मुळात कर बसत नाही त्याला त्या सुटीचा उपयोग नसतो. परत येताना सात रस्त्याला चहा घेतला, तेव्हा मुलाने स्वतःहून विचारले की पुण्याला गेल्यावर वर्षाचा राहण्या-जेवण्याचा खर्च दीड लाखात खरोखर भागला असता का. मी म्हणालो, नसता. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, पण त्या रात्री त्याने माझा कागद पुन्हा मागून घेतला.

साडेचार लाखांच्या या रेषेने आम्हाला आणखी एका पेचात टाकले आणि त्याबद्दल लोक उघड बोलत नाहीत म्हणून मी लिहितो. दाखले काढताना भेटलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले की वहिनींच्या शिलाईचे उत्पन्न दाखवूच नका, फक्त पगारपत्रक जोडा, म्हणजे चार लाख पंधरा हजारांचा दाखला निघेल आणि साडेचार लाखांच्या आतल्या सगळ्या योजना खुल्या होतील. सूचना देताना त्यांच्या चेहऱ्यावर उपकाराचा भाव होता. मोह झाला नाही असे मी म्हणणार नाही. परंतु पत्नीची मजुरी गणवेशाच्या कारखान्यातून तिच्या बँक खात्यात जमा होते. दुसऱ्याच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खात्यावरची नोंद आणि दाखल्यावरचा आकडा जुळला नाही की काय होते, हे माहीत असते. शिवाय तिने मे महिन्याच्या उकाड्यात मशीनवर बसून मिळवलेले पैसे कागदावरून पुसून टाकायचे, हे मला तिच्या तोंडावर सांगता आले नसते.

गंमत अशी की नंतर नियम वाचले तेव्हा त्या सल्ल्यातला मोठा भाग निरुपयोगीच निघाला. बारावीच्या मंडळाच्या निकालात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये येणाऱ्या मुलांना केंद्र सरकारची जी शिष्यवृत्ती मिळते, तिचीही मर्यादा साडेचार लाखांची आहे आणि पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी ती वर्षाला बारा हजार रुपये देते. पण ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती किंवा राज्याची फी परताव्याची सवलत घेता येत नाही. बारा हजारांसाठी साडेबावन्न हजार सोडावे लागले असते. कोणती मदत दुसऱ्या कोणत्या मदतीबरोबर चालते आणि कोणती चालत नाही, हे अर्ज करण्यापूर्वी वाचणे फार गरजेचे आहे, कारण बहुतेक ठिकाणी हा नियम माहितीपत्रकाच्या शेवटी असतो आणि अर्ज भरून देणारा माणूस तो वाचून दाखवत नाही.

२०२४ च्या जुलै महिन्यात राज्य शासनाने निर्णय काढला की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्म्याऐवजी पूर्ण मिळेल. आमच्या कारखान्यात मागावर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याची मुलगी त्याच वर्षी, त्याच महाविद्यालयात दाखल होत होती. त्यांचा अर्ज मीच भरून दिला. तिचे एक लाख पाच हजार पूर्ण माफ झाले. माझ्या मुलाने ते ऐकून नाक मुरडले आणि घरात थोडी वादावादी झाली. मला त्यात अन्याय दिसला नाही. त्या मुलीच्या दोन्ही मोठ्या बहिणींची शिक्षणे दहावीला थांबली होती आणि आई विड्या वळते. आमच्या शहराच्या पूर्व भागात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून अभियांत्रिकीसाठी वर्षाला पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळते, परंतु तिच्यासाठी कुटुंबाचे मासिक उत्पन्न दहा हजारांच्या आत असावे लागते. मागावरची मजुरी आणि विड्यांची मजुरी एकत्र केली की तेही घर त्या रेषेच्या बाहेर जाते. रेषेबाहेर राहण्याचे दुःख एकट्या आम्हालाच नव्हते, हे त्या निमित्ताने कळले.

खासगी न्यासांकडेही आम्ही अर्ज केले. एका मोठ्या न्यासाने मुलाची ऑनलाइन मुलाखत घेतली, चांगली तासभर. घरची परिस्थिती, पुढे काय करायचे आहे, सुट्टीत काय वाचतोस, असे सगळे विचारले. त्याला वाटले होते की आपली निवड झालीच. नंतर दोन ओळींचा नकार आला. त्या नकाराचे त्याला टीएफडब्ल्यूएसपेक्षा जास्त वाईट वाटले, कारण यादीत नाव नसणे निराळे आणि आपल्याशी तासभर बोलून कोणी नाही म्हणणे निराळे. मी त्याला काही समजावले नाही. पत्नीने त्याच्या आवडीची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी केली, तो पोटभर जेवला आणि दुसऱ्या दिवशी पुढचा अर्ज भरायला बसला.

समाजाच्या एका स्थानिक न्यासाने मात्र दहा हजार रुपये दिले. त्यासाठी गुणगौरव समारंभाला हजर राहावे लागले. समारंभ तीन तास चालला, त्यात मुलांच्या वाट्याला प्रत्येकी अर्धे मिनिट आणि पाहुण्यांच्या भाषणांना उरलेला वेळ, हे ओघाने आलेच. पाकीट, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र मिळाले. मी हे चेष्टेने लिहीत असलो तरी ते दहा हजार म्हणजे आमचे त्या वर्षीचे पूर्ण विकास शुल्क होते, आणि त्यांच्या अर्जाला ना पोर्टल लागले ना ओटीपी. मोठ्या नावांच्या मागे धावताना गावातले असे छोटे न्यास, पतसंस्था, जुन्या विद्यार्थ्यांचे निधी यांच्याकडे पालकांचे दुर्लक्ष होते. तेथे अर्जच कमी येतात.

सोलापूरचा प्रवेश घ्यायचा असे अखेर मुलानेच सांगितले. प्रवेशाच्या दिवशी फीच्या खिडकीवर वेगळाच प्रश्न उभा राहिला. तेथील लिपिकांनी पूर्ण फी भरण्यास सांगितले. शिष्यवृत्ती जमा झाली की निम्मी परत मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. कागदावर दोन्ही एकच दिसते, परंतु ज्याच्या खात्यात त्या दिवशी सत्तर हजार आहेत त्याच्यासाठी दोन्ही एक नसते. शासनाच्या सूचनेनुसार ईबीसीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्काची उरलेली निम्मी रक्कमच घ्यावयाची असते. मी त्या सूचनेची प्रत सोबत नेली होती. आवाज न चढवता ती कार्यालय अधीक्षकांपुढे ठेवली आणि शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास उरलेली रक्कम मी भरेन, असे हमीपत्र लिहून देण्याची तयारी दाखवली. थोड्या चर्चेनंतर त्यांनी ते मान्य केले. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघा पालकांनी तेच हमीपत्र तेथेच उतरवून घेतले.

नंतरचा टप्पा महाडीबीटीचा, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या पोर्टलचा. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, केंद्रीभूत प्रक्रियेतून जागा मिळाल्याचे पत्र, शिधापत्रिका आणि कुटुंबातील दोनच अपत्यांसाठी योजनेचा लाभ घेत असल्याचे घोषणापत्र, एवढी कागदपत्रे आधीच स्कॅन करून ठेवली की अर्ज एका बैठकीत होतो. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे. बँक खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी तेच खाते आधारशी संलग्न असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. सरकारी पैसे ज्या खात्याशी आधार संलग्न आहे त्याच खात्यात जातात. मुलाचा आधार शाळेत असताना उघडलेल्या एका जुन्या शून्य शिलकीच्या खात्याशी संलग्न होता आणि त्या खात्याचे पासबुकसुद्धा घरात सापडत नव्हते. अर्ज करण्यापूर्वीच बँकेत जाऊन संलग्नता नव्या खात्यावर आणून घेतली. अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवरून एकदा परत आला, घोषणापत्रावरील सही अस्पष्ट असल्याच्या शेऱ्यासह. पुन्हा सही करून चढवला. मंजुरीला महिने लागले आणि पैसे त्याहून उशिरा आले, तेही हप्त्यांनी.

उरलेले साडेसदुसष्ट हजार कसे उभे केले, तेही सांगतो. दहा हजार न्यासाचे. गल्लीतल्या बायकांची भिशी पत्नीने त्या महिन्यात आधी उचलून घेतली, त्यासाठी जिची पाळी होती तिच्याशी बोलून अदलाबदल केली. राहिलेल्या रकमेसाठी कारखान्यातून उचल घ्यावी असा माझा विचार होता. पत्नीचा त्याला विरोध होता. मालक उचल देतात, पण ती फिटेपर्यंत जादा कामाला नाही म्हणता येत नाही, हे तिने पाहिले होते. शेवटी महाविद्यालयाने दोन हप्ते करून दिले आणि दुसरा हप्ता दिवाळीच्या बोनसमधून भरला. कर्ज काढले नाही. लॅपटॉपसाठी पन्नास हजारांचे छोटे कर्ज काढावे असे मुलाचे म्हणणे होते, पण पहिल्या वर्षी महाविद्यालयाच्या संगणक कक्षावर आणि आतेभावाने दिलेल्या जुन्या यंत्रावर त्याने काम भागवले.

मुलगा आता घरून सिटी बसने महाविद्यालयात जातो. पुण्याची सल त्याच्या मनातून गेली आहे असे मी म्हणणार नाही; तिकडे गेलेल्या मित्राचे फोटो पाहून अजून तो मधेच गप्प होतो. पण पहिल्या वर्षाच्या सुट्टीत त्याने नव्या पेठेतल्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम धरले आणि पहिल्या महिन्याचे पैसे आईच्या हातात ठेवले. तिने ते भिशीत घातले.

शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. त्यासाठी उत्पन्नाचा नवा दाखला लागेल, आणि या वर्षी पत्नीला गणवेशाचे काम जास्त मिळाल्यामुळे तो आकडा पाच लाखांच्या वर जाणार आहे. आठ लाखांची मर्यादा अजून लांब आहे. धाकटी मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्यासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढायचे तर कुटुंब १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. माझ्या वडिलांचा सोलापुरातील शाळेचा १९६१ चा दाखला ट्रंकेत आहे. त्याची प्रत काढून मी फाईलमध्ये लावली आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज मात्र तिची बारावी होईल त्या वर्षीच करायचा आहे, कारण त्याची मुदत एका आर्थिक वर्षाचीच असते.